जनावरांच्या सरकारी दवाखान्याला निधी हवाय? आधी कोणाच्या खिशातून ते बघा

ग्रामसभेत "दवाखान्याला निधी मिळावा" असा एका ओळीचा ठराव करून वर पाठवतात आणि मग वर्षभर वाट बघतात. अहो, दवाखान्याचा पैसा एका खिशातून येतच नाही! पगार वेगळा, औषधं वेगळी, लस वेगळी, बिल्डिंग वेगळी. म्हणून आधी नक्की काय पाहिजे ते ठरवा.

दवाखाना कोणाचा ते बोर्डावर वाचा. महाराष्ट्रात बरेचसे झेडपीचे आहेत, काही थेट राज्याचे. झेडपीचा असेल तर कागद पंचायत समितीच्या पशुसंवर्धन विभागातून वर जातो.

बिल्डिंग, दुरुस्ती, औषधं यासाठी मोठा खिसा म्हणजे डीपीडीसी, म्हणजे जिल्हा नियोजन समिती, पालकमंत्री अध्यक्ष असतात ती. पुढच्या वर्षाचा आराखडा हिवाळ्यातच तयार होतो आणि जानेवारीच्या आसपास बैठका होतात, त्यामुळे मार्चमध्ये अर्ज घेऊन पळण्यात काही अर्थ नाही, दिवाळीच्या आधीच द्या. सोबत ठराव, जागेचा उतारा, पडक्या भिंतीचे फोटो, पशुगणनेतले गावचे आकडे आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे ओपीडी रजिस्टर. डॉक्टर गोठ्यावर येऊन सुई टोचून गेले आणि नोंदच नाही झाली तर कागदावर तुमच्या गावात जनावर आजारीच पडत नाही, मग औषधं कशाच्या जोरावर मागणार?

छोट्या गोष्टींसाठी डीपीडीसीची वाट बघू नका. खोड्याचा, म्हणजे तपासताना जनावर अडकवायच्या सांगाड्याचा, पाईप गंजलाय, म्हैस आत घेतली की आडवा बार हलतो, डॉक्टर गाभण तपासायला हात घालायला घाबरतात, हे काम ग्रामपंचायत करू शकते. पशुसंवर्धन हा राज्यघटनेच्या अकराव्या अनुसूचीतल्या, पंचायतींकडे द्यायच्या 29 विषयांपैकी एक आहे, म्हणजे वित्त आयोगाच्या अबंधित (ठराविक कामाचं बंधन नसलेल्या) निधीतून खोडा, पाण्याची टाकी, फ्रिजसाठी इन्व्हर्टर बसवता येतो, फक्त गावच्या विकास आराखड्यात नाव पाहिजे. इन्व्हर्टर म्हणजे चैन नव्हे हां, लस 2 ते 8 डिग्रीत ठेवावी लागते आणि आपल्याकडची लाईट तर तुम्हाला माहितीच आहे.

लाळ खुरकूतची लस 2019 च्या राष्ट्रीय कार्यक्रमापासून पूर्ण केंद्राच्या पैशातून येते, तिच्यासाठी गावात वर्गणी काढू नका. 1962 नंबरला फोन केला की येणारी फिरत्या दवाखान्याची गाडी साधारण 1 लाख जनावरांमागे एक, गाडीचा खर्च केंद्राचा, चालवायचा खर्च केंद्र-राज्य 60:40. गाडी येत नसेल तर सरपंचाशी भांडून काय होणार, तक्रार राज्याकडे करा.

फी घ्यावी का? माझं मत, कृत्रिम रेतनाला, तपासणीला घ्या आणि पावती द्या, कारण फायदा त्या मालकाचा. लसीला अजिबात नको. एकाने 10 रुपयांसाठी टाळली की रोग अख्ख्या गावात. 2022 च्या लम्पीत सरकारला मेलेल्या दुभत्या गायीमागे 30,000, बैलामागे 25,000, वासरामागे 16,000 द्यावे लागले, त्यापुढे लस किती स्वस्त!

पगाराचं मात्र गावाच्या हातात नाही, वित्त आयोगाचा पैसा पगाराला चालत नाही. पद रिकामं असेल तर आमदाराकडे निधी मागू नका, विधानसभेत प्रश्न लावायला सांगा.

आणि काम मंजूर झालं की प्रशासकीय मान्यतेचा नंबर मागून घ्या आणि टेंडर निघेपर्यंत दर महिन्याला फोन करा, नाहीतर मंजूर झालेला पैसाही न खर्चता परत जातो.