‘सिन्सिअरली’मधला गळणारा ‘ई’

अर्जाचा मजकूर बहुतेक वेळा कोणाकडून तरी तपासून घेतलेला असतो. तारीख, विषय, ‘डिअर सर’, सगळं जागच्या जागी. चूक सापडते ती पार तळाशी, सहीच्या वर. दहावीची उत्तरपत्रिका असो, आयटीआय झालेल्या पोराने बुटीबोरीच्या कंपनीला पाठवलेला अर्ज असो, की गावातल्या पतसंस्थेने इंग्रजीत लिहिलेलं पत्र असो, ‘युवर्स सिन्सिअरली’तला दुसरा शब्द आठ अक्षरांत उरकलेला दिसतो. त्यात नऊ अक्षरं हवीत. आणि गळालेलं अक्षर जवळजवळ नेहमी तेच असतं: आर आणि एल यांच्या मधला ‘ई’.

बरोबर स्पेलिंग असं: एस-आय-एन-सी-ई-आर-ई-एल-वाय. पाचवं अक्षर ‘ई’, सातवंही ‘ई’, मधे ‘आर’.

हा सातवा ‘ई’ गळतो, कारण देवनागरीने आपल्या हाताला एक सवय लावलेली आहे: जे ऐकू येतं ते लिहायचं. ‘सिन्सिअरली’ म्हणताना ‘र’ संपला की लगेच ‘ली’ सुरू होतो, मधे स्वर कानावर पडतच नाही. मग हातही आरच्या पाठोपाठ एल लिहून मोकळा होतो. इंग्रजी स्पेलिंगच्या बाबतीत कानाची साक्ष धरायचीच नसते. आणि वऱ्हाडातल्या पोरापोरींना हे नव्याने शिकवायची गरज नाही. घरी ‘डोया’ आणि वहीत ‘डोळा’, घरी ‘इहीर’ आणि वहीत ‘विहीर’, घरी ‘पानी’ आणि वहीत ‘पाणी’ हे ती पहिलीपासून करत आलेली असतात. बोलायचं एक, लिहायचं दुसरं, आणि दोन्ही आपापल्या जागी बरोबर. इंग्रजी शब्दाकडेही तसंच पाहायचं.

बाकीच्या चुकाही अशाच कशातून तरी येतात. काही जण ‘ई’ विसरत नाहीत, पण तो एलच्या पुढे नेऊन ठेवतात: सी-ई-आर-एल-ई-वाय. अक्षरं नऊच भरतात, म्हणून नुसतं मोजून ही चूक सापडत नाही. काही जण सी-ई-ए-आर लिहितात. हा दोष त्याच पानाच्या वरच्या ओळीचा. वर ‘डिअर’ लिहिताना डी-ई-ए-आर लिहिलेलं असतं, ‘सिन्सिअर’चा शेवटही तसाच ऐकू येतो, आणि हात वरचा ‘ए’ खाली घेऊन येतो. तिसरी चूक सी-च्या जागी एस घालण्याची. तिथे एक नियम उपयोगी पडतो: सी-च्या पुढे ई, आय किंवा वाय आला की त्याचा उच्चार ‘स’, पुढे ए, ओ, यू आले की ‘क’. कॉटनमध्ये सी-च्या पुढे ओ आहे म्हणून ‘क’, सिमेंटमध्ये ई आहे म्हणून ‘स’. ‘सिन्सिअर’मधल्या सी-च्या पुढेही ‘ई’च आहे.

आता हा शब्द डोक्यात बसवायचा कसा, ते पाहू. तो मधोमध फोडा. पहिली पाच अक्षरं एस-आय-एन-सी-ई, म्हणजे ‘सिन्स’. व्याकरणाच्या तासाला ‘सिन्स’ आणि ‘फॉर’चा फरक घोकलेला असतो, तोच हा ‘सिन्स’. उरलेली चार आर-ई-एल-वाय, म्हणजे ‘रिलाय’, भरवसा ठेवणे. ‘सिन्स’ आणि ‘रिलाय’ एकमेकांना चिकटवून लिहिले की ‘सिन्सिअरली’ तयार. उच्चाराने हे दोन शब्द त्यात कुठेच ऐकू येत नाहीत, पण आपल्याला इथे उच्चार नकोच आहे, अक्षरं हवी आहेत. ‘रिलाय’मध्ये आर आणि एल यांच्या मधे ‘ई’ असतो हे कोणी विसरत नाही.

ही झाली लक्षात ठेवायची युक्ती. खरा नियम त्याहून कामाचा आहे, कारण तो शेकडो शब्दांना लागू पडतो. मूळ शब्द ‘सिन्सिअर’ सात अक्षरांचा, शेवटी ‘ई’. हा ‘ई’ बोलत नाही, नुसता बसलेला असतो. अशा मुक्या ‘ई’च्या पुढे व्यंजनाने सुरू होणारा प्रत्यय लागला तर ‘ई’ जागा सोडत नाही. स्वराने सुरू होणारा लागला तर बहुधा उठून जातो. ‘ली’ हा प्रत्यय एलने, म्हणजे व्यंजनाने सुरू होतो, म्हणून ‘सिन्सिअरली’त ‘ई’ राहतो. ‘सिन्सेरिटी’ करताना पुढे आय-टी-वाय लागतो, आय स्वर आहे, म्हणून तिथे ‘ई’ जातो: एस-आय-एन-सी-ई-आर-आय-टी-वाय. हे दोन शब्द शेजारी शेजारी लिहून पाहिले की नियम डोळ्यांना दिसतो. ‘इमिजिएट’ला ‘ली’ लागताना, ‘सेपरेट’ला ‘ली’ लागताना, ‘डेफिनिट’ला ‘ली’ लागताना ‘ई’ याच कारणाने टिकतो.

नियमाला अपवाद आहेत, आणि नेमके तेच अर्जात जास्त येतात. ‘ट्रू’चं ‘ट्रूली’ होताना ‘ई’ जातो: टी-आर-यू-एल-वाय. ‘ड्यू’चं ‘ड्यूली’ होतानाही जातो: डी-यू-एल-वाय. ‘ड्यूली फिल्ड फॉर्म’ ही शब्दजोडी सरकारी कागदावर इतक्यांदा दिसते की तिथलं स्पेलिंग एकदा नीट पाहून ठेवलेलं बरं. ‘होल’चं ‘होली’, म्हणजे पूर्णपणे, हाही त्यातलाच: डब्ल्यू-एच-ओ-एल-एल-वाय. आणि ‘सिंपल’, ‘जेंटल’ यांसारख्या ज्या शब्दांच्या शेवटी व्यंजनानंतर एल-ई येतं, त्यांत ‘ई’च्या जागी थेट वाय बसतो.

सरावाबद्दल एक गोष्ट ठामपणे सांगायला हवी. पन्नास वेळा लिहून आणायला सांगण्याने हा शब्द येत नाही. पोरगा पहिली ओळ पाटीवरचं पाहून लिहितो आणि पुढची प्रत्येक ओळ वरच्या ओळीवरून उतरवतो. पाचव्या ओळीत ‘ई’ गळाला की उरलेल्या पंचेचाळीस ओळी चुकीचंच स्पेलिंग गिरवलं जातं, तेही सुवाच्य अक्षरात! त्यापेक्षा शब्द एकदा पाहायचा, ‘सिन्स’ आणि ‘रिलाय’ यांच्या मधे पेन्सिलीने बारीक उभी रेघ मारायची, पान झाकायचं, न पाहता लिहायचं आणि उघडून अक्षर न् अक्षर ताडायचं. असं दिवसात तीनदा, दुसऱ्या दिवशी एकदा, आठवड्याने पुन्हा एकदा. चुकलं तर खोडून दुरुस्त करायचं नाही, अख्खा शब्द नव्याने लिहायचा. हाताला सवय पूर्ण शब्दाची लागते, मधेच घुसवलेल्या ‘ई’ची नाही.

स्पेलिंग बरोबर आलं म्हणजे शब्दाची जागा बरोबर आली असं नाही. शाळेत शिकवली जाते ती ब्रिटिश पद्धत. पत्राच्या सुरुवातीला ज्याला लिहितो त्याचं नाव असेल, समजा ‘डिअर मिस्टर देशमुख’, तर शेवटी ‘युवर्स सिन्सिअरली’. नाव नसेल, नुसतं ‘डिअर सर’ किंवा ‘डिअर मॅडम’ असेल, तर शेवटी ‘युवर्स फेथफुली’. सर आणि सिन्सिअरली हे दोन ‘एस’ एका पत्रात आणू नका, असं काही शिक्षक सांगतात. लक्षात ठेवायला ते सोपं आहे, पण ‘मॅडम’ आली की फसतं. खरी कसोटी एकच, वर नाव आहे की नाही. अमेरिकेत हा फरक पाळत नाहीत, तिथे नुसतं ‘सिन्सिअरली’ लिहूनही पत्र संपतं.

म्हणजे हिशोब केला तर आपल्याकडच्या बहुतेक अर्जांच्या शेवटी ‘सिन्सिअरली’ नव्हे, ‘फेथफुली’च हवं, कारण वर ‘सर’च असतात. आपल्या ‘आपला विश्वासू’चा जवळचा भाऊ तोच. त्याचं स्पेलिंग एफ-ए-आय-टी-एच-एफ-यू-एल-एल-वाय, दहा अक्षरं. ‘फेथफुल’मध्ये एल एकच असतो, पण ‘ली’ आपला एल घेऊन येतो, म्हणून दोन होतात. ‘रिस्पेक्टफुली’तही तसेच दोन.

आता त्या शेवटच्या ओळीकडे जवळून पाहू. ‘युवर्स’चा वाय मोठ्या लिपीतला. ‘सिन्सिअरली’चा एस लहान, दोन्ही शब्द मोठ्या अक्षराने सुरू करायचे नसतात. ‘युवर्स’ लिहिताना आर आणि एसच्या मधे वरचा टिंबासारखा स्वल्पविराम टाकायचा नाही. ही चूक छापील अर्जांतसुद्धा दिसते. ‘रामूज बुक’ म्हणताना तो लागतो, म्हणून इथेही लागेल असं वाटतं. पण ‘युवर्स’ हा मुळातच ‘तुमचा’ या अर्थाचा पूर्ण शब्द आहे, ‘अवर्स’ आणि ‘हर्स’सारखा. मराठीत मुलगी ‘आपली विश्वासू’ लिहिते आणि मुलगा ‘आपला विश्वासू’. इंग्रजीत हा बदल होत नाही, बाई लिहो, बुवा लिहो की अख्खा बचत गट लिहो, ‘युवर्स’च. ‘सिन्सिअरली’नंतर स्वल्पविराम द्यायचा, पूर्णविराम नाही. खाली सहीपुरती तीन-चार ओळींची जागा सोडायची, मग सही, आणि सहीखाली वाचता येईल असं नाव.

वाक्याच्या पोटात हा शब्द वापरताना ‘सिन्सिअर’ लिहायचं की ‘सिन्सिअरली’, असा घोळ होतो. त्याचं उत्तर मराठीतच आहे. आधी वाक्य मराठीत म्हणा. ‘मनापासूनचे आभार’ असं निघालं तर ‘चे’ आलं, म्हणजे पुढे नाम आहे, म्हणून ‘सिन्सिअर थँक्स’. ‘मनापासून आभार मानतो’ असं निघालं तर ‘चे’ नाही, शब्द क्रियापदाकडे चालला आहे, म्हणून ‘आय सिन्सिअरली थँक यू’. चा-ची-चे लागलं तर ‘ली’ नको, नाही लागलं तर ‘ली’ हवा. जागा म्हणाल तर मुख्य क्रियापदाच्या लगेच आधी: ‘आय सिन्सिअरली होप’. ‘अ‍ॅम’ किंवा ‘आर’ असेल तर त्याच्या नंतर: ‘आय अ‍ॅम सिन्सिअरली सॉरी’. ‘आय हंबली अँड सिन्सिअरली रिक्वेस्ट’ अशी विनवण्यांची रांग लावायची गरज नसते. रजाच मागायची असेल तर साधं ‘आय रिक्वेस्ट’ पुरतं.

अर्थाची मात्र एक खोच आहे, आणि ती स्पेलिंगपेक्षा महागात पडू शकते. आपण मराठी बोलताना ‘पोरगा मोठा सिन्सिअर आहे’ म्हणतो तेव्हा आपल्याला म्हणायचं असतं की तो कष्टाळू आहे, वेळेवर येतो, मन लावून काम करतो. भारतात सगळीकडे हा अर्थ चालतो. पण मूळ इंग्रजीत ‘सिन्सिअर’ म्हणजे खोटेपणा नसलेला, मनात एक आणि तोंडात एक नसलेला. नोकरीच्या अर्जात ‘आय विल वर्क सिन्सिअरली’ लिहिलं तर आपल्याकडचा साहेब ‘मन लावून’ असं समजेल, बाहेर देशातला वाचणारा ‘मी नाटक करणार नाही’ असं समजेल. तिथे ‘हार्ड’ लिहा, ‘आय विल वर्क हार्ड’. जाता जाता, हा शब्द लॅटिनमधल्या ‘विना मेण’ अशा शब्दांवरून आला, मूर्तीच्या भेगा मेणाने न बुजवणारे शिल्पकार वगैरे, ही गोष्ट मोबाईलवर फिरत असते. ऐकायला छान आहे, पण खरी नाही. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ शुद्ध, निर्भेळ एवढाच.

शेवटी यंत्रांबद्दल. तालुक्याच्या टायपिंगवाल्याकडे अर्ज करायला गेलात तर तो कोरा कागद घेत नाही, कॉम्प्युटरमधला जुना अर्ज उघडतो आणि नाव, गाव, तारीख बदलतो. तळाची ओळ कोणी वाचत नाही, त्यामुळे एकाच्या अर्जातली चूक पुढच्या सगळ्यांच्या अर्जात जाते. प्रिंट काढायच्या आधी पडद्यावर फक्त शेवटच्या दोन ओळी पाहायला सांगा. चुकीच्या शब्दाखाली लाल नागमोडी रेघ येते, पण तिच्यावर विसंबू नका. ‘डेफिनिटली’ चुकवताना दुसऱ्या आयच्या जागी ए टाकला की रेघ येते, आणि सुचवलेल्यांतला पहिला शब्द घाईत निवडला तर कधी ‘डिफायंटली’ येऊन बसतो. तो शब्द इंग्रजीत आहे, म्हणून रेघ जाते, आणि ‘मी मुलाखतीला नक्की येईन’च्या ऐवजी ‘मी मुलाखतीला मुजोरीने येईन’ असं छापून निघतं.

फोनचा कीबोर्ड तर आपलीच चूक शिकतो. आठ अक्षरांचं ‘सिन्सिअरली’ दोन-चारदा तसंच पाठवलं की तो तेच सुचवायला लागतो. गुगलचा कीबोर्ड असेल तर ती चुकीची सूचना वर दिसली की तिच्यावर बोट दाबून धरा आणि ओढून कचऱ्याच्या डब्यात टाका. मग एकदा पूर्ण नऊ अक्षरं स्वतः टाइप करा: सिन्स, रिलाय.