बुडालेल्या शहराची फँटसी लिहायचीय? आधी पाण्याचं बघा

माझी पौराणिक फँटसी तीनदा सुरू होऊन बंद पडलीय. उद्ध्वस्त नगरी, शाप, बायको गेलेला नायक, सगळा मसाला होता, पण मैत्रिणीने वीस पानं वाचली आणि एवढंच विचारलं, "ही माणसं पाणी कुठून भरतात रे?" झालं, गेली वीस पानं.

तर पहिलं काम, शहर कसं पडलं ते पटकन उरका, गोष्ट दुसऱ्या दिवशी सकाळी सुरू होते. पुण्यात राहत असाल तर लांब जायला नको. १२ जुलै १९६१ ला पानशेत धरण फुटलं, पाठोपाठ खडकवासलाही फुटलं, म्हणजे नदीकाठच्या पेठांत पाणीच पाणी आणि नंतर प्यायला पाणी नाही, मग लोक वाड्यातल्या जुन्या विहिरींकडे वळले. यापेक्षा भारी विरोधाभास कल्पनेतून निघणार नाही. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना गाठा, पण "कसं वाटलं होतं" असलं विचारू नका, "पाणी कितव्या पायरीपर्यंत आलं आणि आधी काय उचललंत" ते विचारा. आमच्या शेजारच्या आजींनी उचललं होतं नुकतं दळून आणलेलं पीठ, डबा डोक्यावर घेऊन जिना चढल्या आणि दागिने राहिले कपाटात. असलं एक पान दहा युद्धांना भारी आहे.

मिथक पण इथलंच घ्या ना, एल्फ-ड्रॅगन कशाला. आदिलशाही सरदार मुरार जगदेवाने पुणं जाळून गाढवाचा नांगर फिरवला, पहार ठोकून तिला फाटकी वहाण अडकवली, आणि पुढे जिजाऊंनी सोन्याचा नांगर फिरवून गाव वसवलं असं सांगतात. मला यात सोन्यापेक्षा ती पहार महत्त्वाची वाटते, कारण नांगर फिरवायच्या आधी ती कुणीतरी उपटली असणार. तुमच्या शहरात ती कोण उपटणार, आणि हात लावला की त्याचं काय जाणार, हे ठरलं की जादूचे नियम आपोआप ठरतात.

आता दुःख. इथे कृपया पावसात रडणारा नायक नको. दहाव्याला घाटावर गेला असाल तर माहितीय, पिंड ठेवलाय, कावळा समोरच्या भिंतीवर बसलाय पण शिवत नाही, मग एकेक जण पुढे होऊन हात जोडून सांगतो, "धाकटीचं लग्न आम्ही करू", "घर विकणार नाही", आणि सगळे श्वास धरून कावळ्याकडे बघतात. माझी अख्खी कादंबरी आता या एका सीनवर उभी आहे. नायक म्हणतो तुझं शहर उभं करतो, कावळा हलत नाही, सातही वेशी बांधतो, तरी नाही. त्याच्या गेलेल्या बायकोला हवं असलेलं वचन एवढुसं आहे, की परत कुणावर तरी जीव लावशील, आणि ते त्याला पहिल्या दिवसापासून माहितीय.

प्रेमाचे डायलॉग लिहूच नका, दोघांना एकाच विहिरीतला गाळ उपसायला लावा आणि भांडू द्या, तिला वडिलांची अर्धी पडलेली चौकट ठेवायचीय, त्याला रस्ता सरळ हवाय.

माझं सध्या सतरावं प्रकरण चालू आहे. गाळ निघालाय, चौकट अजून उभी आहे, आणि कावळा भिंतीवरच.