इंग्रजी शब्दसंग्रह कसा वाढवावा : शालेय विद्यार्थ्यांसाठी

इंग्रजीचे शब्द वाढवायचे ठरले की बहुतेक घरांत एक नवी वही निघते, पानाच्या मध्ये उभी रेघ मारली जाते आणि डावीकडे इंग्रजी शब्द, उजवीकडे मराठी अर्थ असे रोज दहा शब्द पाठ करण्याचा नेम सुरू होतो. महिन्याभरात वहीत तीनशे शब्द जमतात. पण त्यांतला मधलाच एखादा विचारला की मूल अडखळते, कारण त्याच्या डोक्यात राहिलेला असतो तो फक्त पानावरचा क्रम. पहिल्या दिवशी लिहिलेल्या शब्दाशी त्याची नंतर पुन्हा गाठच पडलेली नसते. म्हणून रोज नवे शब्द चार किंवा पाचच घ्यावेत आणि उरलेला वेळ जुन्या शब्दांकडे परत जाण्यात घालवावा, अशी माझी पहिली सूचना आहे. पुढचे सारे विवेचन याच सूचनेचा विस्तार आहे.

शब्द कोणते घ्यायचे, हा प्रश्न वाटतो त्यापेक्षा महत्त्वाचा आहे. मायकेल वेस्ट यांनी १९५३ साली इंग्रजी शिकणाऱ्यांसाठी सुमारे दोन हजार मूलभूत शब्दांची यादी प्रसिद्ध केली. नेहमीच्या इंग्रजी मजकुरातले साधारण ऐंशी टक्के शब्द अशा दोन हजारांतलेच असतात. जे मूल या पायाभूत शब्दांत कच्चे आहे, त्याला भारदस्त शब्दांच्या याद्या देणे म्हणजे जोते न बांधता मजला चढवणे होय. या पायाभूत शब्दांतही सर्वांत जास्त फसवतात ते लहानसहान शब्द. 'अनलेस', 'ऑलदो', 'हार्डली' असे शब्द मुले वाचताना ओलांडून जातात, आणि वाक्याचा अर्थ मात्र नेमका त्यांच्यावरच फिरतो. 'ही हार्डली वर्क्स' हे वाक्य दहा मुलांना वाचायला द्यावे. 'तो खूप कष्ट करतो' असा उलटा अर्थ सांगणारी त्यांत हमखास निघतील. 'हार्ड' त्यांना ठाऊक असतो, 'हार्डली' म्हणजे 'जेमतेम' हे ठाऊक नसते. नव्या शब्दांची निवड करताना असे शब्द आधी घ्यावेत.

बाकीचे शब्द वाचनातून यावेत, आणि ते वाचन सोपे असावे. अवांतर वाचनाचा मजकूर विनासायास समजण्यासाठी त्यातले साधारण ९८ टक्के शब्द ओळखीचे असावे लागतात, म्हणजे पन्नास शब्दांमागे एकच अनोळखी. अडीचशे शब्दांच्या पानावर पाचांपेक्षा जास्त शब्द अडत असतील, तर ते पुस्तक तूर्त बाजूला ठेवावे आणि त्याहून सोपे घ्यावे. यात कमीपणा मानण्याचे कारण नाही. अनोळखी शब्द आला की लगेच शब्दकोश उघडू नये. आधी वाक्यावरून अंदाज बांधावा, तो पेन्सिलीने समासात लिहावा, परिच्छेद संपवावा आणि मग कोशात पाहावे. अंदाज चुकला तरी बिघडत नाही, कारण चुकलेला अंदाज दुरुस्त करताना शब्द मनात जास्त घट्ट बसतो. कोश शक्यतो शिकणाऱ्यांसाठी केलेला असावा. त्यातील व्याख्या मोजक्या सोप्या शब्दांत दिलेल्या असतात आणि उदाहरणादाखल पूर्ण वाक्ये असतात.

आता नोंद कशी करावी, ते पाहू. वहीऐवजी तळहाताएवढी कार्डे कापून घ्यावीत. समजा, 'रिलक्टंट' हा शब्द धड्यात भेटला. कार्डाच्या एका बाजूला फक्त तो शब्द लिहावा. मागच्या बाजूला सर्वांत वर मराठी अर्थ लिहावा: 'आढेवेढे घेणारा, मनातून तयार नसलेला'. त्याखाली धड्यातले मूळ वाक्य, त्याखाली स्वतः रचलेले एक वाक्य, आणि ते वाक्य स्वतःच्या आयुष्यातले असावे. 'आय वॉज रिलक्टंट टू शो माय मार्क्स' हे वाक्य कोणतेही मूल सहसा विसरत नाही. शेवटच्या ओळीत या शब्दाचे सोबती आणि नातेवाईक लिहावेत: याच्यापुढे 'टू' आणि क्रियापद येते, नाम 'रिलक्टन्स' आणि क्रियाविशेषण 'रिलक्टंटली'. अर्थ मराठीत लिहूच नये, नाहीतर मूल इंग्रजीत विचार करायला शिकणार नाही, असे काही जण सांगतात. मला ते पटत नाही. 'आढेवेढे' या एका शब्दाने जे चित्र क्षणात उभे राहते, ते व्याख्येच्या तीन ओळींनी उभे राहत नाही. मात्र मराठी अर्थापाशी थांबू नये, एवढे खरे.

या कार्डांकडे परत कधी जायचे, याचे उत्तर बरेच जुने आहे. जर्मन मानसशास्त्रज्ञ हर्मन एबिंगहाउस यांनी निरर्थक अक्षरसमूह पाठ करून स्वतःवरच प्रयोग केले आणि १८८५ साली त्यांचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. पाठ केलेले सुरुवातीला फार झपाट्याने विसरले जाते आणि पुढे विसरण्याचा वेग मंदावतो, असे त्यांना आढळले. त्यामुळे पहिली उजळणी लवकर, दुसरी थोड्या अंतराने आणि पुढच्या आणखी लांबवत जाणे हितावह ठरते. या तत्त्वावर बेतलेली पेटीची पद्धत विज्ञानलेखक सेबास्टियन लाइटनर यांनी १९७०च्या दशकात लोकप्रिय केली. बुटांच्या रिकाम्या खोक्यात पुठ्ठ्याचे पाच कप्पे करावेत. नवे कार्ड पहिल्या कप्प्यात जाते. हा कप्पा रोज पाहायचा, दुसरा दर तीन दिवसांनी, तिसरा आठवड्याने, चौथा पंधरवड्याने आणि पाचवा महिन्याने. उत्तर बरोबर आले की कार्ड पुढच्या कप्प्यात सरकते. चुकले की ते कोणत्याही कप्प्यात असो, पुन्हा पहिल्यात येते. पाचव्या कप्प्यातले कार्ड परत पहिल्यात टाकताना मुले कुरकुरतात आणि 'मला येत होते' म्हणतात, पण इथे दयामाया दाखवू नये. सुरुवातीला इंग्रजी शब्द पाहून मराठी अर्थ सांगावा, आणि तिसऱ्या कप्प्यापासून कार्ड उलटे धरून मराठीवरून इंग्रजी शब्द आठवावा. हे काम अवघड आहे, पण बोलताना आणि लिहिताना हेच लागते. मोबाइलवरची ॲपही याच तत्त्वावर चालतात, मात्र त्यांतले आयते संच घेण्यापेक्षा आपली कार्डे आपणच भरावीत.

मराठीभाषक मुलांची खरी अडचण अर्थाहून जास्त शब्दांच्या जोड्यांत असते. मराठीत आपण चूक करतो, गृहपाठ करतो, आवाज करतो आणि व्यायामही करतो. एकटे 'करणे' सगळीकडे पुरते. इंग्रजीत मात्र चूक आणि आवाज 'मेक' करायचे असतात, गृहपाठ आणि व्यायाम 'डू' करायचे असतात. फोटो आपण 'काढतो', इंग्रजीत तो 'टेक' होतो. उसने घेणे आणि उसने देणे यांत मराठीला 'उसने' हा एकच शब्द पुरतो, इंग्रजीला 'बॉरो' आणि 'लेंड' हे दोन वेगळे शब्द लागतात. म्हणून सुटे नाम कधीच लिहू नये. 'मिस्टेक' असे न लिहिता 'मेक अ मिस्टेक' असे पूर्ण लिहावे आणि तसेच पाठ करावे. मराठीत रुळलेल्या इंग्रजी शब्दांची तर वेगळी यादीच करावी. आपण 'हॉटेलात' जेवतो, पण इंग्रजीत 'हॉटेल' ही मुक्कामाची जागा आहे आणि फक्त जेवणाच्या जागेला 'रेस्टॉरंट' म्हणतात. 'लाइट गेली' हे वाक्य शब्दशः इंग्रजीत नेले तर ऐकणाऱ्याला वीज गेल्याचा पत्ताच लागणार नाही.

सातवी-आठवीपासून शब्द फोडून पाहण्याची सवय लावावी. मराठी व्याकरणात उपसर्ग आणि प्रत्यय शिकलेल्या मुलांना हे परके वाटत नाही. 'स्पेक्ट' हा लॅटिन अंश 'पाहणे' या अर्थाचा आहे, हे एकदा कळले की 'स्पेक्टेटर' म्हणजे पाहणारा, 'इन्स्पेक्टर' म्हणजे आत डोकावून पाहणारा, 'रिस्पेक्ट' म्हणजे मुळात वळून पाहणे, अशी ओळच लागते. गंमत अशी की, आपला 'स्पष्ट' हा शब्द ज्या संस्कृत 'स्पश्' धातूपासून आला, तो या लॅटिन अंशाचा दूरचा भाऊ आहे. अशाच रीतीने 'पोर्ट' म्हणजे वाहून नेणे आणि 'स्क्राइब' म्हणजे लिहिणे यांची कुटुंबे जमवता येतात. पण हे हत्यार जपून वापरावे. 'इन' म्हणजे 'नाही' असे धरून चालणारे मूल 'इन्फ्लेमेबल' म्हणजे न पेटणारे असे समजेल, आणि त्याचा खरा अर्थ आहे चटकन पेट घेणारे.

उच्चार कोशातील ध्वनिमुद्रणावरून ऐकावा आणि कार्डावर देवनागरीत टिपून ठेवावा, एवढे पुरे.

शेवटी वापर. वाचताना ओळखू येणारे शब्द आणि स्वतःहून सुचणारे शब्द यांत मोठी दरी असते, आणि केवळ कार्डांनी ती बुजत नाही. रोज रात्री चौथ्या कप्प्यातली तीन कार्डे काढून दिवसाभरात घडलेल्या गोष्टींवर चार-पाच वाक्ये लिहावीत आणि ते तीनही शब्द त्यांत आणावेत. पालकांनी स्पेलिंग तपासत बसण्यापेक्षा वाक्य ऐकावे आणि 'मग काय झाले?' एवढे विचारावे. महिन्याच्या अखेरीस पाचव्या कप्प्यातली कोणतीही वीस कार्डे न पाहता उचलावीत आणि प्रत्येक शब्दाचे एक नवे वाक्य तोंडी सांगावे. अर्थ सांगता आला पण वाक्य सुचले नाही, तर ते कार्डही पहिल्या कप्प्यात जाते.