विचित्र डेक बांधायचा? आधी हुकमाचं कार्ड बाहेर काढा

‘मॅजिक: द गॅदरिंग’ या पत्त्यांच्या खेळात डेकमध्ये, म्हणजे आपण रचलेल्या गड्डीत, किमान 60 कार्डं लागतात आणि बेसिक लँड (माना, म्हणजे कार्ड खेळायला लागणारी ऊर्जा देणारी साधी कार्डं) सोडून एका कार्डाच्या चारच प्रती चालतात, एवढं तुम्हाला ठाऊक आहे असं धरतो. नेटवरचा जिंकणारा डेक जसाच्या तसा उतरवायचा असेल तर हा लेख तुमच्यासाठी नाही.

आधी कल्पना ठरवा. इंदूरच्या रामबागेतल्या आमच्या टेबलावर माझा डेक भिंतींचा, म्हणजे बचाव करणाऱ्या प्राण्यांच्या कार्डांचा असतो. ‘वॉल ऑफ ओमेन्स’ दोन मानात येते आणि आल्या आल्या एक कार्ड देते. पॉवर (मारायची ताकद) शून्य, टफनेस (मार सोसायची ताकद) चार, पण डिफेंडर, म्हणजे फक्त बचावाचा प्राणी असल्यामुळे हल्ला करू शकत नाही. ‘असॉल्ट फॉर्मेशन’ लागलं की तुमचे प्राणी टफनेसइतका मार देतात, आणि एक हिरवा माना दिला की त्या फेरीपुरती भिंतही हल्ल्याला निघते. कागदावर झकास!

खरी मेख पुढे आहे. मीही बरेच दिवस इथंच अडकलो होतो. ‘आवडतं कार्ड चारदा घाला आणि बाकीचा डेक त्याच्याभोवती रचा’ असं सांगणाऱ्याचं अजिबात ऐकू नका. चार प्रती घातल्या तरी पहिल्या सात कार्डांत एक तरी येण्याची शक्यता साधारण 40 टक्के. म्हणजे पाचांतले तीन डाव तुम्ही त्या कार्डाविनाच सुरू करता. दोन ठरावीक कार्डं सुरुवातीलाच हातात हवीत असा बेत असेल, तर शक्यता 15 टक्क्यांच्याही खाली येते.

म्हणून कार्डाच्या नावावर न जाता त्याचं काम बघा. ‘हाय अलर्ट’ हे ‘असॉल्ट फॉर्मेशन’चंच टफनेसइतका मार द्यायचं काम करतं आणि भिंतींना हल्ल्याची मोकळीकही देतं. त्याच्या चार प्रती घातल्या की काम करणारी कार्डं आठ होतात आणि शक्यता 65 टक्क्यांवर जाते. ‘आर्केडीज, द स्ट्रॅटेजिस्ट’ही याच कामाचा, पण तो लेजेंडरी आहे. एक टेबलावर असताना दुसरा हातात कुजतो, त्यामुळे दोनच घ्या, चार मुळीच नको.

आता भिंतींना मार द्यायला लावणारी ही सगळी कार्डं बाहेर काढा, त्यांच्या जागी स्लीव्हमध्ये (कार्डाच्या प्लास्टिक पाकिटात) कोरे कागद सरकवा आणि डाव खेळा. हो, मुद्दाम. खऱ्या डावात समोरचा नेमका तुमचं एन्चांटमेंट (‘असॉल्ट फॉर्मेशन’सारखं टेबलावर राहून परिणाम करणारं कार्ड) फोडणार आणि वर विचारणार, “भिया, आता या भिंतींवर पोस्टर लावणार का?” तेव्हा तुमच्याकडे उत्तर हवं. भिंती मार अडवतात. ‘ओव्हरग्रोन बॅटलमेंट’ तुमच्याकडच्या प्रत्येक डिफेंडरमागे एक हिरवा माना देते. पण तो माना खर्चायला काही नसेल तर तुम्ही फक्त उशिरा हरता. तीन-चार महागडी, एकट्याच्या जोरावर डाव संपवणारी कार्डं हवीतच. त्यांच्यासाठी गमतीची कार्डं कापायला हात जड होतो. तरी कापा.

लँड 24 पासून सुरू करा. तीन रंग झाले तर दोन रंगांचा माना देणारी लँड आधी जमवा, बाकीची खरेदी नंतर.

विकत घेण्यापूर्वी प्रॉक्सी, म्हणजे खऱ्या कार्डाऐवजी वापरायची नक्कल. खजुरी बाजारात किंवा घराजवळ झेरॉक्स काढा, जुन्या कार्डावर ठेवून स्लीव्हमध्ये घाला. हे घरच्या खेळापुरतं, अधिकृत स्पर्धेत चालत नाही. आणि चकचकीत फॉइलचा मोह टाळा. पावसाळ्यात ती वाकतात, मग गड्डीत कुठं काय आहे ते बाहेरूनच कळतं.

चाचणी एकाच मित्राबरोबर करू नका. त्याला तुमची युक्ती दुसऱ्याच डावात पाठ होते, मग तो त्यावरचा उतारा हातात धरून बसतो आणि तुम्ही चांगला डेक मोडीत काढता. हा डेक कधीच न पाहिलेला माणूस गाठा आणि युक्ती आधी सांगू नका.