कोकणात पाण्यावर चर्चासत्र भरवायचं तर

‘हवामान बदल आणि शाश्वत विकास’ असा विषय जाहीर केलात की शोधनिबंध ढिगाने येतात, आणि त्यातले बहुतेक कुठल्याही जिल्ह्यात वाचून दाखवता येतील असे असतात. म्हणून विषय आधी अरुंद करा. ‘सड्यावरच्या (जांभ्या खडकाच्या उघड्या पठारावरच्या) वाड्यांचं एप्रिल-मेमधलं पाणी’ एवढा एक प्रश्नही दोन दिवसांना पुरून उरतो. तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तो जांभ्यातून झिरपतो, उतारावरून पऱ्ह्या-वहाळांनी खाडीला मिळतो आणि चैत्रात टँकर येतो. भूगर्भ, शासन, बायकांचे श्रम, नळपाणी योजनेच्या पंपाचं थकलेलं वीजबिल, सगळं यात येतं. ऊर्जा आणि हवामान हे विषय वेगळे चिकटवावे लागत नाहीत.

तारीख ठरवताना वगळायचे महिने आधी बघा. पावसाळ्यात दरडी आणि बंद पडणारे घाट, पुढे गणपती, मग विद्यापीठाच्या परीक्षा. मार्चमध्ये शिमग्याला गाव पालखीमागे असतो, एप्रिल-मेमध्ये आंबा आणि चाकरमानी, तेव्हा ना खोली मिळते ना माणूस. उरतो जानेवारी. संक्रांत टाळून दुसरा आठवडा धरा, कारण 26 जानेवारीला ग्रामसभा असते आणि चर्चासत्राचं फलित तिथवर पोचवायला दहा-बारा दिवस हातात हवेत.

जानेवारीची अडचण एकच: तेव्हा विहिरींना पाणी असतं. पाहुणे डोकावून बघतात आणि टंचाई कुठे आहे असं विचारतात. यावर उपाय आदल्या मेमध्येच करून ठेवायचा. विद्यार्थ्यांकडून आठ-दहा सार्वजनिक विहिरींची पातळी मोजून घ्या. मोजपट्टीला वजन बांधून कठड्यावरून सोडायची, वाचनातून कठड्याची उंची वजा करायची, आणि मोजायचं पहाटे, पहिली कळशी भरण्याआधी. पंप चालू झाल्यावर घेतलेला आकडा विहिरीचा नसतो, उपशाचा असतो. ऑक्टोबर आणि जानेवारीत त्याच विहिरी, त्याच कठड्याच्या त्याच खुणेवरून पुन्हा मोजा. शेजारच्या निरीक्षण विहिरींच्या नोंदी भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेकडे असतात. त्या आणून तक्त्यात शेजारी लावा. सभागृहाच्या दारात हा एक तक्ता लावलात तर उद्घाटनाच्या चार भाषणांचं काम होतं.

निबंधांचं आवाहन सप्टेंबरच्या मध्याला काढा. सारांश 250 शब्दांचा आणि त्यात तीन गोष्टी सक्तीच्या ठेवा: तालुक्याचं नाव, माहितीचा कालावधी, माहिती कुठून घेतली. ही अट चाळणीचं काम करते. शेवटची तारीख दिवाळीच्या आठवड्यात पाडू नका. मुदत वाढवायची तर एकदाच, नाहीतर पुढल्या वर्षी पहिली तारीख कोणी मनावर घेत नाही. पूर्ण निबंध 10 डिसेंबरपर्यंत हातात हवा. मजकूर युनिकोडमध्येच मागा. श्रीलिपी किंवा कृतिदेवसारख्या जुन्या फाँटमधला मजकूर दुसऱ्या संगणकावर उघडला की अक्षरांचा भुगा होतो, आणि छपाईआधीच्या आठवड्यात तो पुन्हा टंकायला कोणालाच वेळ नसतो. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2018 च्या नियमांत दुसऱ्याच्या लेखनाशी दहा टक्क्यांपर्यंतच्या साधर्म्याला दंड नाही. पण मराठी मजकुरातली उचल पकडताना सॉफ्टवेअर थिटं पडतं. दोन परीक्षकांनी स्वतः वाचण्याला पर्याय नाही. पुस्तक काढणार असाल तर आयएसबीएन (पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांक) मोफत मिळतो, मात्र अर्ज वेळेत करा.

मुंबईच्या पाहुण्यांची रेल्वेची तिकिटं साठ दिवस आधी आरक्षण खुलं होताच काढा. तुतारी एक्स्प्रेस दादरहून मध्यरात्र उलटल्यावर सुटते. ‘शुक्रवारी रात्री निघतो’ म्हणणाऱ्याचं तिकीट शनिवारच्या तारखेचं लागतं. ही चूक फार जण करतात. रत्नागिरीला उतरायचं असेल तर स्टेशन गावाबाहेर आहे, तेव्हा पहाटे गाडी पाठवावीच लागते.

सत्राचं गणित साधं आहे. पंधरा मिनिटं मांडणी, पाच मिनिटं प्रश्न, असे चार निबंध आणि दहा मिनिटं अध्यक्षांना, म्हणजे दीड तास. हे कोलमडतं ते उद्घाटनामुळे. दीपप्रज्वलन, शाल-श्रीफळ, परिचय, मनोगतं करताकरता बारा वाजतात आणि दुपारचे निबंधवाचक पाच-पाच मिनिटांत गुंडाळले जातात. सत्कार सगळे एकदम उरका, उद्घाटनाला पाऊण तास, मग थेट बीजभाषण. मंत्र्यापेक्षा जिल्हा परिषदेच्या पाणीपुरवठा विभागाचा उपअभियंता बोलवा. योजना का बंद पडली हे त्याला ठाऊक असतं. मच्छीमार बोलवायचे असतील तर रत्नागिरीकडे त्यांचं सत्र शुक्रवारी दुपारी ठेवू नका, नमाजाची वेळ असते. जैतापूर अणुऊर्जा प्रकल्पासारखा विषय घेणार असाल (माडबनला सहा अणुभट्ट्यांचा प्रस्ताव आहे) तर दोन्ही बाजूंना सारखा वेळ द्या, प्रश्न चिठ्ठीवर घ्या, आणि सत्राध्यक्ष दोन्ही बाजूंना चालेल असा निवडा.

क्षेत्रभेट दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसात ते अकरा. सड्यावर सावली नसते. पन्नास आसनांची बस वाडीच्या वळणांवर अडकते, छोट्या गाड्या ठरवा. खाडीकाठी जाणार असाल तर भरती बघा. तिथीची पाऊणपट केली की भरतीची ढोबळ वेळ निघते: एकादशीला सव्वाआठ, म्हणजे ओहोटी अडीचच्या सुमारास. नक्की वेळ भरती-ओहोटीच्या तक्त्यावरून घ्या. खारभूमीच्या बांधावरची उघाडी (पाणी सोडायचं झडपेचं दार) ओहोटीला पाणी बाहेर सोडताना दिसते, तिची झडप नीट बसते का ते भरतीलाच कळतं. एका फेरीत दोन्ही जमत नाही. खिशातला टीडीएस मीटर (पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा) बरोबर ठेवा. भारतीय मानकात पिण्याच्या पाण्यातल्या या क्षारांची स्वीकार्य मर्यादा लिटरला 500 मिलिग्रॅम आहे आणि दुसरा स्रोत नसेल तर 2000. बांधालगतच्या आणि वरच्या विहिरीचं पाणी मोजून आकडे तिथल्या तिथे सगळ्यांना दाखवा.

वीज जाणारच असं धरून चाला. प्रोजेक्टर, लॅपटॉप आणि ध्वनियंत्रणा मिळून आठशे वॉटच्या आसपास घेतात. दोन 150 अँपिअर-तासांच्या बॅटऱ्यांवरचा इन्व्हर्टर त्यांना सुमारे दोन तास ओढतो, पंखे त्यावर टाकू नका. इन्व्हर्टर चालू होतानाच्या झटक्यात प्रोजेक्टर बंद पडून दिवा थंड होईपर्यंत खोळंबा होतो, म्हणून प्रोजेक्टरला छोटा यूपीएस लावा. पिण्याचं पाणी माणशी दिवसाला तीन लिटर धरा, म्हणजे 120 जणांना वीस लिटरचे अठरा जार. पेले स्टीलचे घ्या.

समारोपाच्या ठरावांत ‘शासनाने लक्ष द्यावे’ असं लिहू नका. कोणत्या वाडीला, कोणत्या विहिरीवर, काय काम आणि ते कोणाच्या अखत्यारीत, एवढं दोन पानांत मराठीत लिहा. प्रशासनाचा पाणीटंचाई आराखडा ऑक्टोबर-डिसेंबर, जानेवारी-मार्च आणि एप्रिल-जून अशा तीन टप्प्यांचा असतो. तुमची पानं तिसऱ्या टप्प्यासाठी उपयोगी पडतात, म्हणून ती एकाच आठवड्यात पंचायत समितीच्या आवक विभागात देऊन पोच घ्या आणि एक प्रत सरपंचाच्या हाती 26 जानेवारीआधी पोचवा.