मारबत पाहायची, पण वही सांभाळून

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपूरच्या इतवारीत काळी-पिवळी मारबत, म्हणजे ईडा-पीडा घेऊन जाणाऱ्या पुतळ्यांची मिरवणूक निघते, तेव्हा अभ्यासासाठी मुलाखती घ्यायला जाऊ नका. त्या दिवशी कोणी बोलत नाही, सगळे ओरडतात. पहिल्या वर्षी मी छापील प्रश्नावली नेली होती. पावसात तिचा लगदा झाला.

महिनाभर आधी जा. बसा, चहा प्या, कोणी सुतळी धरायला सांगितली तर धरा. मानववंशशास्त्रज्ञ मालिनोव्स्कीने १९१५ ते १९१८ दरम्यान पॅसिफिकमधल्या ट्रोब्रिआंड बेटांवर गावातच तंबू ठोकला, तिथली भाषा शिकला. आपल्याला तंबूऐवजी तर्री-पोह्याची टपरी पुरते.

समोर बसून भराभर लिहिलंत की विचारणारच, "काहून लिहून राहिला बे?" म्हणून खुणेपुरते दोन शब्द टिपा, बाकीचं रात्री झोपण्याआधी. पानाच्या डावीकडे दिसलं-ऐकलं ते, उजवीकडे आपलं मत. "आजी भाविक आहेत" हे मत. "आजींनी पदर खोचला अन् तीनदा म्हटलं, 'ईडा पीडा घेऊन जा गे मारबत'" ही नोंद.

प्रती वेगवेगळ्या घरी ठेवा. समाजशास्त्रज्ञ एम. एन. श्रीनिवास यांनी अठरा वर्षं खपून तयार केलेल्या नोंदींच्या तिन्ही प्रती एकाच ठिकाणी होत्या. १९७० मध्ये तिथे लागलेल्या आगीत त्या जळाल्या. माझी एक प्रत मावशीकडे असते, पापडाच्या डब्यात.