जिल्ह्याची लोकसंख्या वाढ कशी काढायची

परभणीत भूगोल शिकवताना मी पोरांना आधी हेच सांगतो: आकड्याला हात लावण्याआधी जिल्ह्याची हद्द तपासा. हिंगोली 1 मे 1999 ला परभणीतून वेगळा झाला. 1991 ची जुनी परभणी आणि 2001 ची नवी परभणी थेट शेजारी मांडली, तर पाव जिल्ह्याहून जास्त माणसं गाव सोडून गेल्यासारखं दिसतं! दोन्ही वर्षांना आजचेच तालुके धरा. उस्मानाबाद-लातूरचंही तसंच, तिथं विभाजन 1982 चं.

मग हिशेब सोपा. धाराशिव (2011 च्या जनगणनेच्या तक्त्यात उस्मानाबाद) घ्या: 2001 ला 14,86,586, दहा वर्षांनी 16,57,576. फरक 1,70,990. त्याला जुन्या आकड्यानं भागा, शंभरानं गुणा: 11.5 टक्के. औरंगाबाद (आताचं छत्रपती संभाजीनगर) जिल्हा त्याच दशकात 27.76 टक्के वाढला, राज्य 15.99. तिथल्या वाळूजच्या कारखान्यांकडं माणसं कुठून आली, हे इथं विचारायचंच.

वितरणासाठी, म्हणजे लोक कुठं दाट, कुठं विरळ राहतात हे बघायला, लोकसंख्येला क्षेत्रफळानं भागा. धाराशिवची घनता चौरस किलोमीटरला 219 येते. पण जिल्ह्याच्या सरासरीवर थांबू नका, तालुकावार बघा. बीडला तर जास्तच जपून. जनगणना फेब्रुवारीत होते आणि तेव्हा तिथल्या ऊसतोड मजुरांच्या टोळ्या जिल्ह्याबाहेर उसाच्या फडात असतात.